भांडी आधी वाजतात

जून २०१६ मधल्या एका दुपारी मी बार्सिलोनात, मोंतजुईक टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या प्रदर्शन-संकुलातल्या एका अंधाऱ्या दालनात उभी होते आणि माझ्या तळपायांना कोयना आठवत होती. माहितीपटांचे ध्वनिमिश्रण करून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला पायांनी ऐकणे काही नवे नाही. स्टुडिओत सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, सुरू झाला की पहिली वर्दी तळव्यांनाच मिळते. पण या आवाजाला सूर नव्हता, ठेका नव्हता, आणि तो नेमका कोठून येतो आहे हेही सांगता येत नव्हते. लहानपणी पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी रात्री सतरंजीवर पडलेले असताना असेच काहीतरी पाठीखालून सरकत गेल्याचे मला कितीतरी वेळा जाणवले होते. तेव्हा शेजारी झोपलेली आजी डोळेही न उघडता म्हणायची, "बारका हाय. नीज." आणि मी निजत असे.

मी तेथे गेले होते ती 'सोनार' नावाच्या संगीत आणि तंत्रज्ञान महोत्सवासाठी. त्या नावाचा आपल्या सराफ कट्ट्याशी काही संबंध नाही. पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या पडसादावरून तळ ओळखणारे जे यंत्र असते त्याचे हे नाव, आणि त्या दालनात जे चालले होते त्याला ते फार शोभत होते. कलाकृतीचे नाव 'अर्थवर्क्स'. रूथ जार्मन आणि जो गेरहार्ट हे दोन ब्रिटिश कलाकार 'सेमीकंडक्टर' या नावाने मिळून काम करतात, आणि त्यांनी ती त्याच वर्षीच्या महोत्सवासाठी घडवली होती. पाच मोठ्या पडद्यांवर रंगांचे थर एकावर एक रचलेले होते. ते थर दाबले जात, वाकत, एकमेकांवर चढत, मध्येच फाटत, आणि बघता बघता सगळा पडदा एखाद्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावरच्या अबरी कागदासारखा दिसू लागे. हे सगळे संगणकाने घडवलेले होते. पण त्या थरांना हलवणारा हात संगणकाचा नव्हता. भूकंप, ज्वालामुखी, हिमनद्या आणि माणसांची कामे यांमुळे जमिनीत उठलेल्या लहरींच्या खऱ्या नोंदी घेऊन त्यांचा आवाज केलेला होता, आणि तोच आवाज चित्रातल्या थरांना ढकलत होता. जे ऐकू येत होते त्यानेच जे दिसत होते ते घडत होते. माझ्या व्यवसायात नेमके उलटे असते. चित्र आधी येते आणि आवाज त्याच्या मापाने शिवून घ्यावा लागतो. त्यामुळे आवाजाला असा पुढचा मान मिळालेला पाहून मला थोडे व्यावसायिक समाधानही वाटले, हे कबूल करते.

आजीच्या तोंडून मी भूकंपाची गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की ती मला स्वतःची आठवण वाटते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. साडेचारही वाजले नव्हते. कोयनेच्या त्या भूकंपाची तीव्रता ६.३ मानली जाते. दीडशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे बसली. आजी यातले आकडे कधी सांगत नाही. ती क्रम सांगते. आधी फळीवरची भांडी वाजली, मग भुई गुरगुरली, आणि मग घर हलले. या क्रमात तिने आजवर कधी फरक केलेला नाही. धरणाचे पाणी साठू लागल्यापासून, म्हणजे १९६२ नंतर, खोऱ्यात बारीकसारीक धक्के सुरू झालेलेच होते, तेव्हा भांडी वाजण्याची सवय सगळ्यांनाच होती; त्या पहाटे ती नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजली म्हणून आजी उठून बसली आणि माझ्या वडिलांना ओढत अंगणात आली. "भांडी आदी वाजत्यात," हे ती एखादा शेतीचा नियम सांगावा तसे सांगते.

तो नियम बरोबर आहे, हे मला फार उशिरा कळले. जमिनीतून येणाऱ्या लहरींमध्ये पहिली पोहोचते ती ढकलत जाणारी लहर. ती खडकातून ध्वनीसारखीच दाबत-सोडत जाते, वेगाने जाते, आणि तिचा जोर कमी असतो. ती जमिनीबाहेर पडते तेव्हा सगळी भुईच स्पीकरच्या पडद्यासारखी हवेला हलवते आणि आपल्याला गडगडाट ऐकू येतो. तिच्यामागून आडवी हलवणारी लहर येते, आणि घरे पाडते ती ही. दोन्हींमधले वेळेचे अंतर जितके जास्त तितका भूकंप लांबचा. नोंदींमध्ये या लहरी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या रिचर्ड ओल्डहॅम याने. तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी होता आणि १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास त्याच्याकडे होता. पुढे १९०६ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला पोहोचलेल्या लहरींना वाटेत झालेल्या उशिरावरून त्यानेच पृथ्वीला एक वेगळा गाभा असावा असे मांडले. इंगे लेहमन या डॅनिश बाईंनी १९३६ साली त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखवले, तेही लहरींच्याच नोंदींवरून. पृथ्वीची त्रिज्या आहे सुमारे ६,३७१ किलोमीटर. माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल भोक, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे, १२,२६२ मीटरवर थांबले. त्याखालचे जे काही आपल्याला ठाऊक आहे त्यातले बहुतेक असे ऐकूनच ठाऊक आहे. कोणी पाहून आलेले नाही.

म्हणून पृथ्वीच्या पोटाची सफर घडवणाऱ्या डिजिटल कलेकडे मी आता एकाच कसोटीने पाहते. ती दाखवते किती, यापेक्षा ती ऐकलेले सांगते की मनचे सांगते?

ही कसोटी मला सुचली ती एका वाईट अनुभवामुळे. बार्सिलोनाच्या काही वर्षे आधी भावाच्या मुलाला घेऊन मी एका मॉलमधल्या घुमटाकार पडद्याच्या खेळाला गेले होते. डोक्यावर जड चष्मे चढवून आम्ही एका हलणाऱ्या खुर्चीत बसलो, आणि ती खुर्ची एका लिफ्टचा आव आणून आम्हाला सहा मिनिटांत पृथ्वीच्या केंद्रापर्यंत घेऊन गेली. जमिनीचे पापुद्र्यासारखे कवच फुटताच खाली जो लाल-नारिंगी लाव्हाचा समुद्र लागला तो थेट शेवटपर्यंत संपला नाही. त्यात लाटा होत्या, बुडबुडे होते, आणि मागे पडघम वाजत होते. बाहेर आल्यावर पोराने विचारले, "आत्या, आपण या सगळ्यावर तरंगतोय?" त्याला वाटलेली भीती खरी होती, आणि चित्र सपशेल खोटे होते.

आपल्या पायांखाली तसा समुद्र नाही. कवचाखाली साधारण २,९०० किलोमीटरपर्यंत जे प्रावरण आहे ते घन खडकाचे आहे. तो खडक वाहतो, पण वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात त्या गतीने. त्याच्या वरच्या भागातले तुकडे कधीकधी लाव्हाबरोबर बाहेर फेकले जातात आणि हातात घेऊन पाहता येतात. ऑलिव्हिन या खनिजामुळे ते हिरवे असतात, कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखे. द्रव म्हणावे असे काही लागते ते त्यानंतर, बाह्य गाभ्यात, आणि ते लोखंड-निकेलचे आहे. मग तो सर्वव्यापी लाल रंग येतो कोठून? थोडा ज्वालामुखीच्या तोंडातून, जेथे हवा आहे आणि बघणारा आहे. आणि थोडा वैज्ञानिकांच्या सोयीतून. लहरी जेथून हळू जातात ते भाग नकाशात तांबडे आणि जेथून वेगाने जातात ते निळे रंगवायचे असा त्यांचा रिवाज आहे. हळू जाणे म्हणजे बहुधा जास्त तापलेले, म्हणून तांबडे. तो खुणेचा रंग आहे, पिंजर लावलेल्या दगडाइतकाच. खाली त्या उष्णतेत खडक झळाळत असेलही, पण उजेड म्हणवून घ्यायला त्याला मोकळी जागा लागते, आणि ती तेथे कोठे आहे?

'अर्थवर्क्स'चे रंग अशा वेळी फार प्रामाणिक वाटतात. ते भडक आहेत, उघड उघड निवडलेले आहेत, आणि 'आत असेच दिसते' असा दावा ते कोणाकडेच करत नाहीत. त्यांची प्रेरणा भूवैज्ञानिकांच्या एका साध्या खेळवजा प्रयोगात आहे. काचेच्या पेटीत वेगवेगळ्या रंगांच्या वाळूचे थर भरायचे, एका बाजूने हळूहळू दाबत न्यायचे आणि पर्वत कसे वळ्या घेतात ते पाहायचे. या प्रयोगाचा मूळपुरुष एडिंबराचा जेम्स हॉल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने वाळूही घेतली नव्हती. त्याने टेबलावर लिनन आणि लोकरी कापडांचे तुकडे एकावर एक पसरले, त्यांवर एक दार उतरवून ठेवले, दारावर वजने ठेवली आणि दोन्ही बाजूंनी कापडे आत रेटली. दार वर उचलले गेले आणि कापडांना हुबेहूब डोंगरकड्यातल्या थरांसारख्या वळ्या पडल्या. १८१५ साली हे छापून आले. मला हे वाचताना आमच्या घरातल्या गोधड्यांची चळत आठवली. आम्ही पोरे दिवाणावरून तिच्यावर उड्या मारायचो आणि ती कडेने अशीच वळ्या घेत भिंतीला लागायची. आजी ओरडत यायची आणि सगळा सह्याद्री पुन्हा घडी घालून ठेवायची.

अर्थात आपला सह्याद्री वळ्यांचा नाही, तो थरांचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. आज उरलेला विस्तारच पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. घाटातून जाताना कडे आणि माळ यांच्या ज्या पायऱ्या दिसतात त्यांवरून स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दाने या खडकाला 'ट्रॅप' म्हणू लागले. आवाजाच्या माणसाला या रचनेत एक गोष्ट फार आवडते. दोन लोटांच्या मध्ये कधीकधी मऊ, तांबड्या मातकट खडकाचा पट्टा लागतो. एक लोट थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडला, माती झाली, आणि मग पुढच्या लोटाने ती माती भाजून टाकली. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली शांतता. आम्ही ध्वनिपट्टीवर दोन आवाजांमधली रिकामी जागा जपतो ती अशीच.

ज्वालामुखी घरात आणण्याची माणसाची हौस संगणकाच्या बरीच आधीची आहे, आणि तिचा माझा आवडता नमुना जर्मनीत देसाऊजवळच्या वोर्लिट्झ येथे उभा आहे. अनहाल्ट-देसाऊचा संस्थानिक लिओपोल्ड फ्रांझ तरुणपणी इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखी पाहून आला आणि त्याचे वेड घेऊन परतला. सपाट मुलखातल्या आपल्या बागेत, पाण्याच्या मधोमध, विटांची अनेक मजली इमारत बांधून त्याने ती बाहेरून खडकांनी मढवली आणि वर ज्वालामुखीचे तोंड केले. १७९४ साली ही वास्तू तयार झाली. माथ्यावरच्या खोलीत शेगड्या पेटवून धूर आणि ज्वाळा काढल्या जात, आणि तांबड्या काचांमागे दिवे लावून त्यांवरून पाणी सोडले की दुरून लाव्हा वाहतो आहे असे वाटे. पुढे दोन शतके हा डोंगर थंड पडून होता. डागडुजीनंतर २००५ साली तो पुन्हा पेटवला गेला. मला ही गोष्ट मॉलमधल्या खेळापेक्षा कितीतरी जास्त आवडते, कारण तिच्यात फसवणूक नाही. होडीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला ठाऊक होते की हा संस्थानिकाचा खेळ आहे, आणि तो व्हेसुव्हियसच्या आठवणीचा आहे. पण तोही पाहण्याचाच खेळ. व्हेसुव्हियसच्या पोटात काय चालले असावे याचा विचार त्या शेगड्यांपाशी थांबत होता.

सेमीकंडक्टरने 'अर्थवर्क्स'च्या पाच वर्षे आधी, २०११ मध्ये, 'वर्ल्ड्स इन द मेकिंग' नावाचे काम लिव्हरपूलमध्ये मांडले होते. त्यातले तुकडेच मी नंतर संगणकावर, कानाला हेडफोन लावून पाहिले, त्यामुळे त्याबद्दल अधिकाराने बोलू नये. गालापागोस आणि इक्वेडोरच्या ज्वालामुखी प्रदेशातली दृश्ये त्यात आहेत आणि त्यांच्यात मध्येच खनिजांचे स्फटिक उगवू लागतात. भूकंपमापकाची खरखर वाढली की स्फटिक सरसर वाढतात, ती ओसरली की थबकतात. हे खोटे आहे, स्फटिक असे वाढत नाहीत, आणि ते खोटे आहे हे कलाकृतीच आपल्याला सांगत राहते. ऐकू येण्याजोगे करायचे तर काळ आकसावाच लागतो, ही या कलेची मूळची अडचण आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० कंपनांच्या खालचे ऐकू येत नाही आणि दूरच्या भूकंपाच्या लहरी त्याहून कितीतरी संथ असतात. त्यांची नोंद शंभरपट वेगाने वाजवली की एका तासाचे छत्तीस सेकंद होतात आणि मग कोठे तो घुमारा कानांच्या आवाक्यात येतो. म्हणजे आपण जे ऐकतो ते पृथ्वीचे असते, पण घाई आपली असते.

गुहांच्या बाबतीत ही घाई जास्त जाणवते. मेक्सिकोत नाइका येथील खाणीत सुमारे ३०० मीटर खोलीवर २००० साली एक स्फटिकांची गुहा सापडली. जिप्समचे अकरा-बारा मीटर लांबीचे पांढुरके खांब तिच्यात आडवेतिडवे पडलेले आहेत. आतले तापमान ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवा वाफेने भरलेली, त्यामुळे खास पोशाखाशिवाय माणूस दहाएक मिनिटांपलीकडे तग धरत नसे. खाणीचे पंप थांबल्यावर ती पुन्हा पाण्याखाली गेली, आणि आता ती पाहायची तर चित्रातच. पडद्यावर ती नितांत सुंदर दिसते, आणि दिसते तितकीच. जी गोष्ट आपल्याला आत येऊ देत नव्हती ती आपण गार हवेत, हातात कॉफी घेऊन पाहतो. भिजवून काढणारी कला म्हणून जिची जाहिरात होते ती शेवटी आपल्याला कोरडेच ठेवते. या तक्रारीवर माझ्याकडे उपाय नाही. प्रेक्षकांना ५८ अंशांत उभे करा असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

उलट बाजूही मला त्याच प्रवासात भेटली. बार्सिलोनाहून परतण्याआधी दोन दिवस काढून मी दक्षिण फ्रान्समधल्या आर्देशला गेले. तेथे १९९४ च्या डिसेंबरात आदिमानवाच्या चित्रांची शोवे गुहा सापडली. फ्रान्समधल्याच लास्को या दुसऱ्या चित्रगुहेचा धडा ताजा होता. ती गुहा १९४० साली सापडली, महायुद्धानंतर लोकांना खुली झाली, आणि माणसांच्या नुसत्या श्वासाने व अंगच्या ऊबेने चित्रांवर शेवाळ धरू लागले म्हणून १९६३ साली तिला कुलूप लावावे लागले. त्यामुळे शोवे लोकांसाठी कधी उघडलीच नाही. तिचे लेझरने माप घेतले गेले आणि त्या मापांवरून २०१५ साली जवळच तिची प्रतिकृती उभी राहिली. आत गेल्यावर व्यवसायाच्या खोडीने मी सवयीने छताशी स्पीकर कोठे लपवले आहेत ते शोधत होते आणि एकही सापडेना. मग शोध सोडून देऊन ऐकू लागले. खोटी गुहा खऱ्या गुहेसारखी घुमेलच असे नाही, कारण घुमणे हे भिंतीच्या पोतावर आणि पोकळीच्या आकारावर अवलंबून असते. पण आमच्या घोळक्याचे कुजबुजणे तेथे आपोआप बारीक झाले, एवढे मी सांगू शकते.

शोवेच्या एका दालनात फवाऱ्यासारख्या उसळणाऱ्या रेषांच्या खुणा आहेत. त्यांचा अर्थ कोणाला लागत नव्हता. २०१६ साली फ्रेंच अभ्यासकांनी मांडले की गुहेपासून पस्तीसेक किलोमीटरवरचे ज्वालामुखी त्या चित्रांच्या काळाच्या जवळपास जागे होते, तेव्हा ते उद्रेकाचे चित्र असू शकेल. असेलच असे ते म्हणत नाहीत. पण मला वाटते, असेल तर त्या चित्रकाराने उद्रेक पाहिला असेल बाहेर, आणि तो काढायला मात्र तो जमिनीच्या आत आला, मशाल घेऊन, काळोखात, जेथे स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो तेथे. अंधारे दालन, हलता उजेड, भिंतीवर ज्वालामुखी. छत्तीस हजार वर्षांत मांडणीत फारसा बदल झालेला दिसत नाही.

आपल्याकडे तर लोकांनी थंड झालेल्या लाव्हातच दालने कोरली. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही सगळी लेणी त्याच दख्खनच्या खडकात आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात मी एकदा सकाळी गर्दी नसताना ध्वनिमुद्रणासाठी गेले होते. एक टाळी वाजवली. ती खांबांच्या ओळींमधून मागे गेली, स्तूपापाशी जराशी रेंगाळली आणि वरच्या लाकडी फासळ्यांच्या कमानीतून मऊ होऊन परत आली. माझ्याजवळच्या यंत्रांत बटण दाबून मिळणारा एकही तयार घुमारा त्याच्या जवळपास येत नाही. मी तेव्हा कौतुकाने म्हणाले होते की ही जागा बोलते. आता म्हणेन की दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा पाथरवटाने त्या लाव्हाला ऐकायला शिकवले.

दख्खनच्या या खडकाच्या खाली काय आहे, हे ऐकण्याची खरीखुरी खटपट मात्र आमच्याच खोऱ्यात चालू आहे. कोयनेतले भूकंप का होतात हे जवळून तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी आधी दीड किलोमीटर खोलीची भोके पाडली आणि त्यांतल्या काहींमध्ये भूकंपमापके उतरवली. मग २०१६-१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटरपर्यंत खोदले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ संपला आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला. मला यातली सर्वांत आवडती बाब म्हणजे यंत्रे खाली का न्यावी लागतात त्याचे कारण. पृष्ठभागावर फार कलकलाट असतो. गाड्या, वारा, पाऊस, नदी, गुरांची वर्दळ हे सगळे भूकंपमापकाला ऐकू येते आणि बारीक धक्का त्यात बुडून जातो. खाली शांतता असते. आम्ही स्टुडिओचे जाड दार लावून घेतो, त्यांनी दीड किलोमीटर कातळाचे दार लावून घेतले.

बार्सिलोनाहून आल्यावर त्याच पावसाळ्यात मी गावी गेले. आजी तेव्हा शहाऐंशीची होती आणि तिला पडद्यांची, रंगांची, परदेशाची सगळी हकिगत ऐकायची होती. मी सांगितली. तिला थरांपेक्षा आवाजात रस होता. "वाजीव की," ती म्हणाली. 'अर्थवर्क्स' माझ्याजवळ नव्हते. पण भूकंपाच्या नोंदी आता संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या ठेवतात. तशी एक नोंद, जपानजवळच्या समुद्रतळाखाली झालेल्या एका भूकंपाची, हजारो किलोमीटरवरच्या यंत्रावर उमटलेली, मी घेतली होती आणि शंभरपट वेगाने वाजवून तिचा आवाज केला होता. मोबाइल तिच्या कानाशी धरला. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, हे मला माहीत असायला हवे होते.

"काय बी वाजंना," आजी म्हणाली.

मी पुन्हा वाजवला. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तोच ऐकू येत होता. आजीने एक क्षण विचार केला आणि फळीवरच्या मोठ्या पितळी पातेल्याकडे बोट दाखवले. "त्यात ठेव त्यो."

मी पातेले काढून जमिनीवर तिच्यापुढे ठेवले, मोबाइल आत ठेवला आणि तिच्या सांगण्यावरून वर पालथी ताटली झाकली. पाऊस जरा उणावला होता. आधी काहीच झाले नाही. मग ताटलीची कड पातेल्याच्या काठावर अगदी हलकेच किणकिणू लागली. थांबली. बऱ्याच वेळाने पातेल्याच्या पोटातून एक लांबट घुमारा आला आणि ताटली पुन्हा वाजली. आजीने दोन्ही तळवे पातेल्याला लावलेले होते. ती मान कलती करून, कणगीत उंदीर आहे का हे ऐकावे तशी ऐकत होती. आवाज संपला तरी तिने हात काढले नाहीत.

"आपला न्हवं ह्यो," ती म्हणाली. "लांबचा हाय कुटला तरी."